चौदाव्या कलमाचे कुलूप

मुलुंडच्या शारदा पेपर मिलचा वीज कंपनीशी जो करार झाला होता, त्यात बत्तीस कलमे होती. एकतीस कंपनीने लिहिली होती. चौदावे विद्याधर टिपणिसांनी लिहिले होते, आणि या गोष्टीचा त्यांना चार वर्षे अभिमान होता.

टिपणीस मिलचे सेक्रेटरी. पत्रव्यवहार, करारमदार, कोर्टकचेरी हे त्यांचे क्षेत्र. स्वतःच्या वाक्यात एक शब्द अधिक पडला तर त्यांना जेवण गोड लागत नसे, आणि दुसऱ्याच्या वाक्यात एक शब्द कमी पडला तर ते त्याला सोडत नसत. १९५३ साली कंपनीचा मसुदा हाती आला तेव्हा तेरा कलमांपर्यंत त्यांनी नुसते स्वल्पविराम हलवले. चौदाव्याशी मात्र ते थांबले.

कंपनीची बावीस हजार व्होल्टची वाहिनी घाटकोपरकडून येऊन मिलच्या स्विच-हाउसात एक फाटा देई आणि पुढे ठाण्याच्या दिशेने जाई. त्या फाट्यावर मिलचा आयसोलेटर होता. भिंतीवरचा त्याचा लोखंडी दांडा वर केला की मिल वाहिनीला जोडली जाई. खाली ओढला की तुटे. मिलमध्ये सगळे त्याला नुसते ‘दांडा’ म्हणत. कंपनीचे म्हणणे असे की, वाहिनीवर आमची माणसे काम करीत असतील तेव्हा ग्राहकाने दांडा खाली ओढून त्याला कुलूप लावावे, आणि किल्ली आमच्या माणसाने सोबत न्यावी.

या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर टिपणिसांनी तीन पत्रे लिहिली. यजमानाच्या दाराची किल्ली पाहुण्याने खिशात घालून निघून जावे, अशी रीत कोणत्या सभ्य समाजात आहे, असा प्रश्न त्यांनी दुसऱ्या पत्रात विचारला होता. तिसऱ्यात त्यांनी लिहिले होते की, ज्या ग्राहकाच्या शिस्तीवर कंपनीचा विश्वास नाही, त्याच्याशी तिने करारच का करावा? शेवटी कंपनीचे इंजिनिअर चंद्रप्रकाश स्वतः मुलुंडला आले. हा नागपूरकडचा, थोडे बोलणारा गृहस्थ होता.

“टिपणीससाहेब, तुम्ही दाराचं बोलता. मी खांबाचं बोलतो. त्या खांबावर माणूस चढलेला असतो,” ते म्हणाले.

“आणि तो माणूस सुरक्षित राहावा म्हणूनच कुलूप आहे. कुलपाचा गुण किल्ली कोणाच्या खिशात आहे यावर अवलंबून असतो काय?”

“असतो,” चंद्रप्रकाश म्हणाले. पण का असतो हे त्यांना नीट मांडता आले नाही, आणि ज्याला मांडता येत नाही त्याचे म्हणणे खरे नसते अशी टिपणिसांची समजूत होती. कलम बदलले. किल्ली मिलच्या नेमलेल्या माणसाकडे राहील, असे ठरले. नेमलेला माणूस म्हणजे स्विच-हाउसाचा धोंडू परब. मालवणकडचा, पूर्वी परळच्या कापड गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम असलेला, नोंदवहीत घड्याळ पाहून मिनिटे लिहिणारा.

त्याच वर्षी नवरात्रात धोंडू टिपणिसांकडे आला होता. खंडेनवमीला मिलमधली सगळी हत्यारे पाटावर मांडून पूजली जात. स्विच-हाउसाचे कुलूप आणि किल्ली मांडायची की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते. टिपणिसांनी चिठ्ठी लिहून दिली: ‘खंडेनवमीच्या दिवशी पूजेपुरते स्विच-हाउसातील कुलूप, किल्ली व इतर हत्यारे काढून पाटावर मांडण्यास हरकत नाही. वि. टि.’ धोंडूने ती घडी करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. मिलमधल्या जुन्या माणसांचा आणखी एक रिवाज होता. बंद ठेवलेल्या यंत्राला हळदकुंकू वाहायचे नाही. प्रत्येक यंत्राचा खटका ‘चालू’ बाजूला करून मगच पूजा करायची. कारखान्यांच्या सुटीमुळे त्या दिवशी कंपनी वाहिनीच बंद ठेवी, म्हणून त्यात धोकाही नसे. दांड्यावर हार घातला जाई तो दांडा वर करूनच.

चार वर्षे हे निर्विघ्न चालले. त्या चार वर्षांत मिलकडे स्वतःचे जनित्र नव्हते.

१९५७ च्या उन्हाळ्यात विजेची कपात वाढली, आणि मिलचे मालक नंदकिशोरशेठ यांनी डिझेलवर चालणारे जनित्र आणले. जनित्राची वीज मिलच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वाहिनीवर जाऊ शकते, आणि ती तशी जाऊ नये म्हणूनही तोच दांडा आणि तेच कुलूप आहे, हे कंपनीने पत्राने कळवले. टिपणिसांनी ‘पत्र पोहोचले’ असे उत्तर पाठवले आणि पत्र फायलीत लावले. स्वतःची चिठ्ठी मात्र त्यांना आठवली नाही, कारण ती फायलीत नव्हती.

खंडेनवमीला सगळे कारखाने बंद, म्हणून त्या वर्षी कंपनीने वाहिनीच्या दुरुस्तीसाठी नेमका तोच दिवस धरला. सकाळी आठला कंपनीचा फोन आला. धोंडूने दांडा खाली ओढला, कुलूप लावले, निरोपाचा क्रमांक परत म्हणून दाखवला आणि वहीत लिहिले. यात काडीइतकी चूक नव्हती.

दहा वाजता अंगणात पाट मांडले गेले. टिपणीस त्या वेळी गुरुजींशी वाद घालीत होते. नवमी किती वाजता संपते याबद्दल दोघांच्या पंचांगांत अठरा मिनिटांचा फरक होता.

“अहो, दाते असोत की कोणी असोत, उदयाला जी तिथी ती तिथी,” गुरुजी म्हणत होते.

“उदयाची तिथी व्रताला. शस्त्रपूजेला अपराह्ण पाहावा लागतो. वचन दाखवा, मी मान्य करतो.”

“वचन दाखवीपर्यंत नवमी जाईल, टिपणीस!”

मंडळी हसली. तेवढ्यात धोंडू बाजूला येऊन उभा राहिला. “साहेब, आज लायनीर माणसां आसत. कुलूप काढूचा की नको?”

टिपणिसांनी मान वळवलीसुद्धा नाही. “कागद दिलाय ना तुला? दर वर्षी तेच तेच काय विचारतोस?”

धोंडू गेला. थोड्या वेळाने कुलूप पाटावर आले. पाना आणि तेलाची बुधली यांच्यामध्ये ते ठेवलेले होते. यजमानपद शेठनी टिपणिसांना दिले होते. त्यांनी आपल्या हाताने त्या कुलपावर हळद वाहिली, कुंकू वाहिले, आणि गुरुजींच्या मंत्रातला एक उच्चार सुधारला. आत स्विच-हाउसात धोंडूने दांडा वर करून त्याला झेंडूचा हार घातला होता. मग शेठ म्हणाले, “अरे, आरतीला दिवे नाहीत? भोंगा नाही? जनित्र कशाला घेतलंय मग!” मेकॅनिकने जनित्र चालू केले.

माळेतले दिवे लागले, पिवळे झाले, आणि विझले. जनित्र घरघरून बंद पडले. सगळे मिळून दोन-तीन सेकंदांचे काम. कोणीतरी म्हणाले, “झाली का वाट ऐन पूजेत!” लोक पुन्हा हसले. धोंडू मात्र हसला नाही. तो स्विच-हाउसाकडे धावत सुटला, आणि तो पोहोचायच्या आत तिथला फोन वाजू लागला.

भांडुपच्या बाजूला पाचव्या खांबावर दत्ताराम नावाचा लाइनमन होता. तो वाचला. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशी बारा दिवसांनी, मिलच्याच कचेरीत, सरकारी निरीक्षकासमोर व्हायची होती. धोंडूला दुसऱ्याच दिवशी कामावरून दूर ठेवण्यात आले. खटला भरला गेला तर तो त्याच्यावर, हे उघड होते. शेठनी टिपणिसांना बोलावून घेतले.

“मला फक्त एवढं सांगा, आपण यातून बाहेर कसे?”

“बाहेर आहोतच,” टिपणीस म्हणाले. “कलम सतरा. वाहिनीवर चढण्यापूर्वी कंपनीच्या माणसांनी ती जमिनीशी जोडून घेतली पाहिजे. ती त्यांनी जोडली नव्हती. जोडली असती तर आपली वीज जमिनीत गेली असती, दत्तारामाच्या हातात नव्हे.”

“झकास! आणि आपल्याकडून?”

“आपल्याकडून... नेमलेल्या माणसाने कुलूप काढले.”

“म्हणजे धोंडूने.”

“धोंडूने.”

“मग लिहा ना. तुमच्यासारखं कोण लिहिणार?”

टिपणिसांनी लिहिले. फुलस्कॅप अकरा पाने झाली. युक्तिवाद निर्दोष होता, आणि तो खोटाही नव्हता. कंपनीचा मुकादम खरोखरच त्या दिवशी घाईत होता. टिपणिसांची एक जुनी सवय होती. महत्त्वाचा मसुदा ते पत्नीकडून मोठ्याने वाचून घेत, कारण वाक्य कोठे लंगडते ते डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. पद्मजाबाईंनी चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी, भाजी निवडून झाल्यावर, अकराही पाने वाचली.

“कसे वाटते?”

“वाक्यं छान आहेत.” त्यांनी पाने जुळवली. “यात धोंडूनं तुम्हाला विचारलं ते कुठे आहे?”

अपघाताच्या संध्याकाळी ती गोष्ट टिपणिसांनीच पत्नीला सांगितली होती. सांगितल्याचे त्यांना आता दुःख झाले.

“तो मुद्दा प्रस्तुत नाही.”

“कोणाला?”

“हे पाहा, प्रश्न कराराच्या पालनाचा आहे. करारान्वये जबाबदारी नेमलेल्या माणसाची. त्याने कोणाला विचारावे अशी तरतूदच नाही. मी ‘काढ’ म्हटले असते तरी त्याने ‘काढणार नाही’ म्हणायला हवे होते.”

“तुम्हाला?” पद्मजाबाई म्हणाल्या. “या मुलुंडात तुम्हाला ‘नाही’ म्हटलेला एक माणूस दाखवा. मी म्हटलं तर तुम्ही मला व्युत्पत्ती विचारता.” त्या उठल्या, आणि आत जाता जाता म्हणाल्या, “आणि मुळात ‘काढ’ तरी कुठे म्हणालात? ते म्हणाला असतात तर त्याला निदान विचार करता आला असता. तुम्ही ‘कशाला विचारतोस’ म्हणालात.”

दिवेलागणीच्या सुमारास धोंडू दाराशी आला. त्याच्या हातात बिस्किटांचा डबा होता.

“बस, धोंडू.”

“बसान काय करू, साहेब.” त्याने डब्यातून घडी केलेला कागद काढून मेजावर ठेवला. “ह्यो तुमचो कागद. माझ्याकडे ऱ्हवलो तर उद्या झडतीत कोणाच्या हाताक लागात. तुमच्याकडेच बरो.”

कागदाच्या कोपऱ्याला हळदीची बोटे लागली होती. टिपणिसांनी अक्षर ओळखले. ते देखणे होते.

“तू उद्या काय सांगणार आहेस?”

“सांगतलंय, माझ्या मनान काढलंय. कोणाक इचारूक नाय.”

“का?”

“का म्हणजे काय?” धोंडूला प्रश्नाचाच राग आल्यासारखा दिसला. “माझे दोन भाव तुमी मिलीत लावल्यात. तुमी गेल्यार थंय आमचा कोण आसा? मी एकटो गेलंय तर एक चूल इजात. तुमी गेल्यात तर तीन.”

“पण तू मला विचारले होतेस.”

“इचारलेलंय.”

“कागद होता तुझ्याजवळ. त्यात परवानगी स्पष्ट होती. मग का विचारलेस?”

धोंडूने त्यांच्याकडे पाहिले. “लायनीर माणूस हुतो म्हणान. कागदात माणूस नाय हुतो, साहेब.” डबा उचलता उचलता तो म्हणाला, “पण दांडो वर केलो तो माझ्या हातान. ता काय मी इसरूचंय नाय. दोनय आयतवारी मी इस्पितळात दत्तारामाकडे गेलंय. तो माका शिव्या सुदीक घालीना. घातल्यान असत्यो तर बरा झाला असता.”

रिकामा डबा घेऊन तो पायऱ्या उतरून गेला. मेजावर आता एका बाजूला अकरा पाने होती आणि दुसऱ्या बाजूला चार ओळी. दोन्ही टिपणिसांच्याच अक्षरात. चार ओळी नाहीशा झाल्या तर अकरा पाने अभेद्य होती. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, आणि ती किती पावलांवर आहे हे त्यांनी मनात मोजले. हे नमूद करणे त्यांच्यावर अन्याय करणारे असले तरी खरे आहे. मग त्यांनी कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. द्यायचा म्हणून ठेवला की नुसताच ठेवला, हे त्या वेळी त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

चौकशीला निरीक्षक, टंकलेखक, कंपनीतर्फे चंद्रप्रकाश, मिलतर्फे शेठ आणि टिपणीस एवढेच होते. धोंडूला उभे केले गेले.

“कुलूप कोणी काढलं?”

“मी.”

“काम संपल्याचा निरोप आला होता?”

“नाय.”

“काढण्यापूर्वी कोणाला विचारलं?”

“कोणाक नाय.”

टंकलेखन यंत्र खडखडले. चंद्रप्रकाश खिडकीबाहेर पाहत होते. शेठनी टिपणिसांच्या अकरा पानांवर बोट ठेवून ती निरीक्षकाकडे सरकवली. “आमचं निवेदन, साहेब. सेक्रेटरी वाचून दाखवतील.”

टिपणीस उभे राहिले. पहिले वाक्य त्यांना पाठ होते. त्यात तीन उपवाक्ये होती आणि ती एकमेकांना तोलून धरीत होती. त्यांनी तोंड उघडले, आणि समोर उभ्या असलेल्या धोंडूने मान खाली घातली. ऐकावे लागू नये म्हणून माणूस घालतो तशी.

“त्याने मला विचारले होते,” टिपणीस म्हणाले.

“टिपणीस!” शेठ म्हणाले.

“साहेब, गप ऱ्हवा,” धोंडू म्हणाला.

निरीक्षकाने चष्मा काढला. “कधी?”

“पूजेच्या आधी. वाहिनीवर माणसे आहेत हे सांगून विचारले. कुलूप काढायचे की नाही, असे.”

“आपण काय उत्तर दिलंत? आठवत असेल तसं, शब्दशः.”

शब्दशः! आयुष्यभर त्यांनी इतरांना याच शब्दाने जेरीस आणले होते. ते उत्तर सुधारता येण्यासारखे नव्हते. एक विशेषण घालून सौम्य करता येण्यासारखेही नव्हते. “मी म्हणालो, ‘कागद दिलाय ना तुला? दर वर्षी तेच तेच काय विचारतोस?’” त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून मेजावर ठेवली. “हा तो कागद. नंतर कुलूप पाटावर मी पाहिले. त्यावर हळदकुंकू मी वाहिले. कंपनीने वाहिनी जमिनीशी जोडली नव्हती, हेही खरे आहे. ते आपण अवश्य लिहून घ्यावे. पण ते याच्या खाली लिहावे.”

टंकलेखकाने वाक्य टंकले आणि वाचून दाखवले. टिपणिसांनी काही दुरुस्ती सुचवली नाही. सही केली.

खटला कोणावरच झाला नाही. निरीक्षकाने कंपनी, मिल आणि धोंडू अशा तिन्ही बाजूंना दोष दिला, पण धोंडूने विचारणा केली होती ही गोष्ट त्याच्या बाजूची म्हणून नोंदवली. धोंडूची नोकरी टिकली. पण नेमलेल्या माणसांच्या यादीतून त्याने स्वतःच नाव काढून घेतले आणि लगद्याच्या खात्यात बदली मागितली. दांड्याला हात लावायचा नाही, एवढेच तो म्हणाला. टिपणिसांना शेठनी नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तेवढ्या काळात कराराची दुरुस्ती लिहून द्यायची होती, आणि ती लिहायला दुसरे कोणी नव्हते. भावांचे काय होणार, हे कोणी बोलले नाही. अजून तरी ते कामावर होते.

नवे चौदावे कलम दोन ओळींचे झाले. कुलूप ग्राहकाने लावावे. किल्ली कंपनीच्या माणसाने न्यावी. तो परत येईपर्यंत कोणत्याही कारणासाठी कुलूप काढू नये. ‘कोणत्याही कारणासाठी’ या शब्दांपुढे टिपणिसांना ‘धार्मिक अथवा अन्य’ असे घालावेसे वाटले. त्यांनी ते घातले नाही. सही घ्यायला चंद्रप्रकाश आले. किल्लीच्या दातांत कुंकू अडकून राहिले होते. ती खिशात टाकताना त्यांनी एवढेच विचारले, “मी तेव्हा नीट सांगू शकलो नाही, नाही का?”

“तुम्ही सांगितले होते,” टिपणीस म्हणाले. “खांबावर माणूस असतो, असे.”

शेवटच्या शनिवारी लगद्याच्या खात्यापाशी त्यांनी धोंडूला गाठले. त्यांच्या हातात लिफाफा होता. दत्तारामाला लिहिलेले पत्र. पाच वेळा लिहून पाच वेळा फाडलेले, आणि सहाव्यांदा बरे साधलेले.

“उद्या रविवार. तू दत्तारामाकडे घाटकोपरला जाणार ना? मीही येऊ का?”

धोंडूने लिफाफ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

“येवा. पण कागद हाडू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफाफा टेबलाच्या खणात राहिला. दत्ताराम दुसऱ्या मजल्यावर राहत होता. धोंडू पुढे चढत होता. टिपणीस मागून, कठड्याला धरून, पहिले वाक्य कोणते असावे याचा विचार करीत. दार उघडे होते. आतून दत्तारामाने डाव्या हाताने पाट पुढे सरकवला आणि म्हणाला, “बसा.”

टिपणीस बसले. वाक्य त्यांना अजून सापडले नव्हते.